वायूतील विद्युत डिस्चार्जसाठी समतुल्य परिपथ कसा मांडावा

निऑनचा निर्देशक दिवा, वेल्डिंगचा आर्क, सर्किट ब्रेकर उघडताना संपर्कांमध्ये उठणारा आर्क, ओझोन तयार करणारी काचेची नळी आणि सेमिकंडक्टरच्या चकत्या कोरणारा प्लाझ्मा कक्ष या सगळ्या ठिकाणी मुळात एकच गोष्ट घडते: एरवी विद्युतरोधक असलेला वायू वाहक बनतो आणि त्यातून विद्युतधारा वाहू लागते. यालाच वायूतील विद्युत डिस्चार्ज म्हणतात. वायूच्या आत काय चालले आहे याचे पूर्ण वर्णन करायचे, तर इलेक्ट्रॉन, आयन, उत्तेजित रेणू, तापमान आणि विद्युतक्षेत्र यांची एकमेकांत गुंतलेली समीकरणे सोडवावी लागतात, आणि त्यासाठी संगणकाला बराच वेळ द्यावा लागतो. वीजपुरवठा किंवा संरक्षक परिपथ बनवणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा एवढेच हवे असते, की बाहेर आलेल्या दोन टोकांवर हा वायू कसा वागेल. तेवढ्यापुरते काम रोध, कपॅसिटर, इंडक्टर, डायोड आणि स्विच यांच्या जुळणीने होऊ शकते. अशा जुळणीला समतुल्य परिपथ म्हणतात.

नवखा माणूस साधारणपणे पहिल्या पायरीवरच अडतो, कारण तो डिस्चार्जच्या जागी एक रोध बसवतो आणि त्याची किंमत शोधू लागतो. अशी एक किंमत नसते. डिस्चार्जला पूर्वस्मृती असते. आत्ता किती विद्युतधारा वाहेल हे आत्ताच्या व्होल्टेजवर जितके अवलंबून असते, तितकेच थोड्या वेळापूर्वी काय घडले यावरही असते. ही स्मृती कुठे साठली आहे ते ओळखणे हे मॉडेल बनवणाऱ्याचे खरे काम आहे. ती तापलेल्या वायूत असेल, काचेवर जमलेल्या प्रभारात असेल किंवा दिवा पेटलेला आहे की विझलेला एवढ्याच स्थितीत असेल. ते एकदा ठरले, की घटक निवडायला फारसा वेळ लागत नाही.

पायरी १ : प्रश्न, विद्युतधारेचा पल्ला आणि काळाचे माप ठरवा

कोणताही परिपथ कागदावर काढण्यापूर्वी मॉडेलकडून कशाचे उत्तर हवे आहे ते एका वाक्यात लिहून ठेवावे. दिवा स्थिर पेटेल की लुकलुकेल, ट्रान्सफॉर्मरवर किती भार येईल, धारा शून्यावर आल्यानंतर आर्क पुन्हा पेटेल का, एका आवर्तनात किती ऊर्जा वायूत जाईल, हे परिपथाने उत्तर देण्याजोगे प्रश्न आहेत. ओझोन किती तयार होईल, इलेक्ट्रोडचा कोणता कोपरा आधी झिजेल किंवा आयन किती वेगाने पृष्ठभागावर आदळतील, हे प्रश्न समतुल्य परिपथाला विचारू नयेत. तो फार तर त्या गणितासाठी लागणारी शक्तीची किंमत पुरवू शकतो.

यानंतर विद्युतधारेचा पल्ला ठरवावा. कमी दाबाच्या नळीत धारा हळूहळू वाढवत नेली, तर साधारण एक दशअब्जांश अँपिअरपासून काही मायक्रोअँपिअरपर्यंत टाउनसेंड डिस्चार्ज असतो, ज्यात प्रकाश जवळपास दिसत नाही. एक दशांश मिलिअँपिअरपासून सुमारे शंभर मिलिअँपिअरपर्यंत ग्लो डिस्चार्ज असतो आणि एक अँपिअरच्या पुढे सहसा आर्क असतो. या सीमा काटेकोर नाहीत; वायू, दाब, इलेक्ट्रोडचा धातू आणि त्याचे क्षेत्रफळ यांनुसार त्या सरकतात. ग्लोमध्ये टोकांवरचे व्होल्टेज बहुधा काहीशे व्होल्ट असते, तर आखूड आर्कमध्ये ते काही दहा व्होल्टवर उतरते. ग्लोसाठी जुळवलेले मॉडेल म्हणूनच आर्कसाठी चालत नाही, मग त्यातले आकडे कितीही बारकाईने काढलेले असोत.

तिसरी गोष्ट काळाची. बाहेरचे व्होल्टेज वायूच्या स्वतःच्या बदलाच्या वेगापेक्षा फार सावकाश बदलत असेल, तर स्थिर व्होल्टेज-विद्युतधारा वक्र पुरतो. दोन्ही वेग सारखे असतील, तर परिपथात वायूची स्थिती सांगणारी एक वेगळी राशी ठेवावी लागते. बाहेरचा बदल फारच जलद असेल, तर त्या आवर्तनापुरती वायूची वाहकता जवळपास गोठलेली मानता येते. पन्नास हर्ट्झवरची ट्यूबलाइट आणि काही दहा किलोहर्ट्झवर इलेक्ट्रॉनिक चोकने चालणारी तीच ट्यूबलाइट यांचे वक्र याच कारणाने वेगळे दिसतात: सावकाश चालवली तर व्होल्टेजच्या लहरीला प्रत्येक अर्ध्या आवर्तनात पेटण्याचे टोक येते, आणि जलद चालवली तर तीच नळी जवळजवळ साध्या रोधासारखी वागते.

पायरी २ : पेटण्याचे व्होल्टेज आणि स्थिर वक्र

वायू पेटण्यासाठी किती व्होल्टेज लागते याचा पहिला अंदाज पाशेनच्या नियमावरून घ्यावा. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले, की एकसमान क्षेत्रात ब्रेकडाऊन व्होल्टेज हे दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हवेसाठी या वक्राचा तळ सुमारे ३२७ व्होल्टवर, म्हणजे दाब व अंतराचा गुणाकार ०.५७ टॉर-सेंटिमीटरच्या जवळपास असताना येतो (टॉर हे दाबाचे एकक). वातावरणाच्या दाबाला एक सेंटिमीटर अंतरासाठी हाच आकडा ३० किलोव्होल्टच्या आसपास जातो. टोकदार इलेक्ट्रोड असतील तर क्षेत्र एकसमान राहत नाही आणि हा अंदाज फसतो. तेथे मोजमापाला पर्याय नाही.

पेटल्यानंतरच्या वक्रात ओहमचा नियम शोधू नये. व्होल्टेज स्थिर राखण्यासाठी एकेकाळी वापरल्या जाणाऱ्या १५० व्होल्टच्या ग्लो नळीचे उदाहरण घ्या. तिच्यातून ५ मिलिअँपिअर वाहत असताना व्होल्टेजला धारेने भागले तर ३० किलोओहम येतात, आणि ३० मिलिअँपिअर वाहत असताना फक्त ५ किलोओहम. या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मात्र काही व्होल्टनेच हलते, म्हणजे वक्राच्या चढावरून काढलेला गतिक रोध शे-दोनशे ओहमच्या आसपास असतो. या नळीचे योग्य मॉडेल १५० व्होल्टच्या आसपासचा एक व्होल्टेज स्रोत आणि त्याच्या एकसरीत तो छोटा गतिक रोध असे आहे. भागाकारातून आलेला रोध केवळ शक्तीच्या हिशेबासाठी उपयोगी आहे, आणि लहान बदलांना नळी कसा प्रतिसाद देईल हे गतिक रोध सांगतो. या दोहोंची गल्लत झाली की पुढचे सगळे गणित बिघडते.

आर्कमध्ये याच्याही पुढची गंमत आहे: धारा वाढली की व्होल्टेज कमी होते, म्हणजे गतिक रोध ऋण असतो. हर्था एअर्टन यांनी कार्बन इलेक्ट्रोडच्या आर्कवर केलेल्या कामातून पुढे आलेले सूत्र आजही पहिल्या अंदाजासाठी वापरले जाते. त्यानुसार आर्कचे व्होल्टेज चार भागांचे असते: एक स्थिर भाग, एक आर्कच्या लांबीच्या प्रमाणात वाढणारा भाग, एक धारेच्या व्यस्त प्रमाणातला भाग आणि एक लांबीच्या सम व धारेच्या व्यस्त प्रमाणातला भाग. ऋण चढाचा असा घटक स्थिर व्होल्टेजच्या स्रोताला थेट जोडला, तर धारा एक तर वाढत जाते किंवा शून्यावर कोसळते. कार्यबिंदू, म्हणजे ज्या व्होल्टेज-धारेवर डिस्चार्ज स्थिर चालतो ती जागा, टिकण्यासाठी बाहेरचा रोध आणि डिस्चार्जचा गतिक रोध यांची बेरीज धन असली पाहिजे, ही अट वाल्टर काउफमान यांनी १९०० मध्ये मांडली. मॉडेल चालवण्याआधी ही बेरीज हाताने करून पाहावी, कारण ती ऋण असताना सिम्युलेशन अडकले तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो. प्रत्यावर्ती धारेवर रोधाऐवजी चोक वापरतात तो उष्णतेतला व्यय टाळण्यासाठी. एकदिश धारेवर कार्यबिंदू टिकवण्याचे काम नुसत्या चोकवर सोडता येत नाही.

पायरी ३ : पहिले चालते मॉडेल, निऑन दिवा

सुरुवात निऑनच्या छोट्या दिव्यापासून करावी असे माझे मत आहे, कारण येथे स्मृती फक्त दोन स्थितींची असते आणि उत्तर कागदावर पडताळता येते. एक रोध, एक कपॅसिटर आणि कपॅसिटरच्या समांतर निऑन दिवा एवढ्या सामग्रीवर आपोआप दोलन सुरू होते. पिअर्सन आणि अँसन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम १९२२ पासून माहीत आहे.

समजा दिवा ९० व्होल्टला पेटतो आणि ६० व्होल्टला विझतो, पुरवठा १२० व्होल्टचा आहे, रोध १ मेगाओहम आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. कपॅसिटर ६० वरून ९० व्होल्टपर्यंत भरायला लागणारा वेळ असा:

वेळ = रोध × धारिता × नैसर्गिक लॉग [(पुरवठा − विझण्याचे व्होल्टेज) ÷ (पुरवठा − पेटण्याचे व्होल्टेज)]

रोध आणि धारिता यांचा गुणाकार ०.१ सेकंद, कंसातले गुणोत्तर ६० भागिले ३० म्हणजे २, आणि त्याचा लॉग ०.६९३; म्हणून वेळ सुमारे ६९ मिलिसेकंद आणि वारंवारता सेकंदाला साधारण चौदा लुकलुकाटांची येते.

आता हाच दिवा स्पाइस प्रकारच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे परिपथाचे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडू. दिव्याच्या जागी व्होल्टेजने चालणारा, हिस्टेरेसिस असलेला, म्हणजे एका व्होल्टेजला चालू आणि त्याहून कमी व्होल्टेजला बंद होणारा स्विच घ्यावा. त्याचे मध्यबिंदू व्होल्टेज ७५ आणि हिस्टेरेसिस १५ ठेवले, की तो ९० ला चालू आणि ६० ला बंद होतो. स्विचच्या एकसरीत ५५ व्होल्टचा स्रोत, चालू स्थितीतला रोध ५ किलोओहम आणि बंद स्थितीतला रोध काही गिगाओहम ठेवावा. स्रोत पूर्ण ६० व्होल्टचा न ठेवण्याचे कारण आहे: तसे केल्यास कपॅसिटर रिकामा होताना ६० च्या जवळ जात राहील, पण त्याच्या खाली कधीच उतरणार नाही आणि दिवा कायम पेटलेला राहील. स्विचला चालवणारे व्होल्टेज संपूर्ण दिव्याच्या दोन टोकांवरून, म्हणजे स्विच आणि स्रोत या दोहोंच्या पलीकडून घ्यावे. ते एकट्या स्विचवरून घेतले, तर स्विच चालू होताच ते बदलते आणि निष्कारण गोंधळ होतो.

या मॉडेलमध्ये कपॅसिटर ९० वरून ६० पर्यंत रिकामा व्हायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे पूर्ण आवर्तन साधारण ७० मिलिसेकंदांचे होते. दिवा पेटताक्षणी धारेचे टोक ३५ भागिले ५ किलोओहम, म्हणजे ७ मिलिअँपिअरचे येते. याहून महत्त्वाची बाब म्हणजे, आपण वेगळे काही न सांगताही दिवा पेटता राहण्यासाठी लागणारी किमान धारा मॉडेलमध्ये आलेली आहे: ६० वजा ५५ म्हणजे ५ व्होल्ट भागिले ५ किलोओहम, अर्थात १ मिलिअँपिअर. पुरवठ्याचा रोध ६० किलोओहमपेक्षा कमी केला, तर एवढी धारा पुरवठाच देऊ लागतो आणि लुकलुकणे थांबून दिवा स्थिर पेटतो. सिम्युलेशनमध्ये ५० आणि ७० किलोओहम असे दोन्ही घालून ही सीमा स्वतः पाहावी. आपल्या हातातल्या दिव्याची किमान धारा वेगळी निघाली, तर स्रोत आणि चालू रोध हे दोन आकडे त्यानुसार बदलावेत. खरा दिवा उजेडात आणि अंधारात थोड्या वेगळ्या व्होल्टेजला पेटतो, कारण पहिला इलेक्ट्रॉन कुठून तरी मिळावा लागतो. हे मॉडेल त्याविषयी काहीच सांगत नाही.

पायरी ४ : आर्कसाठी वाहकतेचे समीकरण

आर्कमध्ये स्मृती उष्णतेत असते. वायूच्या तप्त स्तंभात ऊर्जा साठलेली असते, धारा त्यात भर घालते आणि आजूबाजूचा गार वायू ती काढून नेतो. धारा शून्यावर आली तरी स्तंभ लगेच गार होत नाही, म्हणून त्याची वाहकता थोडा वेळ टिकून राहते. सर्किट ब्रेकरमध्ये आर्क विझणार की पुन्हा पेटणार, हे याच थोड्या वेळात ठरते. येथे दोन स्थितींचा स्विच पुरत नाही; वाहकता हीच बदलती राशी धरून तिच्यासाठी एक विकलन समीकरण लिहावे लागते.

याची दोन रूढ रूपे आहेत. कॅसी यांनी १९३९ मध्ये असे गृहीत धरले, की स्तंभाचे तापमान जवळपास स्थिर राहते आणि धारेनुसार त्याचे क्षेत्रफळ कमी-जास्त होते. मायर यांनी १९४३ मध्ये उलट बाजू घेतली: स्तंभाचा आकार स्थिर, बाहेर जाणारी उष्णताशक्ती स्थिर आणि वाहकता साठलेल्या ऊर्जेवर घातांकी पद्धतीने अवलंबून. मायर यांचे समीकरण शब्दांत असे:

वाहकतेच्या नैसर्गिक लॉगच्या बदलाचा दर = (१ ÷ कालस्थिरांक) × [(व्होल्टेज × धारा ÷ बाहेर जाणारी शक्ती) − १]

वाहकता किती लवकर बदलते हे कालस्थिरांक सांगतो. कॅसी यांच्या समीकरणात चौकटी कंसातले पहिले पद बदलते. तेथे व्होल्टेजचा वर्ग भागिले आर्कच्या स्थिर व्होल्टेजचा वर्ग येतो. स्थिर स्थितीत कंस शून्य होतो, त्यामुळे मायर यांचा आर्क स्थिर शक्तीचा, म्हणजे धारा वाढली की व्होल्टेज घटवणारा ठरतो, आणि कॅसी यांचा आर्क स्थिर व्होल्टेजचा. जास्त धारेला कॅसी आणि शून्याच्या आसपास मायर हे मॉडेल वास्तवाच्या जवळ जाते. दोन्ही पल्ले हवे असतील तर दोघांच्या वाहकता एकसरीत जोडतात; मोठी धारा असताना बहुतेक व्होल्टेज कॅसीच्या भागावर पडते आणि शून्याजवळ मायरचा भाग सूत्रे हाती घेतो.

परिपथात हे मांडण्याची एक सोपी रीत आहे. मुख्य परिपथापासून वेगळा एक फॅरडचा कपॅसिटर घ्यावा आणि त्याच्यावरचे व्होल्टेज म्हणजे वाहकतेचा लॉग असे मानावे. समीकरणाच्या उजव्या बाजूइतकी धारा देणारा एक नियंत्रित धारा स्रोत त्याला जोडला, की सिम्युलेटर ते समीकरण स्वतःच सोडवू लागतो. मुख्य परिपथात आर्कच्या जागी आणखी एक नियंत्रित धारा स्रोत बसवावा; त्याची धारा म्हणजे आर्कवरचे व्होल्टेज गुणिले त्या लॉगचा घातांक. वाहकता थेट न घेता तिचा लॉग घेण्याने ती कधी ऋण होत नाही आणि दहाच्या अनेक घातांच्या पटीतले बदल सहज पेलतात. सुरुवातीची वाहकता स्पष्टपणे द्यावी. ती रिकामी सोडली तर लॉग शून्य, म्हणजे आर्कचा रोध एक ओहम असे गृहीत धरले जाते आणि उत्तराचा पहिला भाग निरर्थक ठरतो.

धारा शून्याजवळ काय घडते ते आकड्यांत पाहू. कालस्थिरांक एक मायक्रोसेकंद असेल आणि वायूला बाहेरून अजिबात शक्ती मिळत नसेल, तर पाच मायक्रोसेकंदांत वाहकता सुमारे १४८ पटींनी घसरते. पण त्याच काळात संपर्कांवरचे व्होल्टेज चढू लागते, उरलेल्या वाहकतेतून थोडी धारा वाहते आणि वायू पुन्हा तापू लागतो. व्होल्टेज आणि धारेचा गुणाकार बाहेर जाणाऱ्या शक्तीच्या पुढे गेला की कंसाचे चिन्ह बदलते आणि आर्क पुन्हा उभा राहतो. म्हणून मॉडेलमधली वेळेची पायरी कालस्थिरांकाच्या विसाव्या भागापेक्षा मोठी ठेवू नये. पन्नास हर्ट्झची लहर पाहायची म्हणून सिम्युलेटरला मोकळे सोडले, तर तो शून्याजवळचा हा सगळा खेळ एका उडीत ओलांडून जातो.

पायरी ५ : काचेचा अडसर असलेला डिस्चार्ज

एका किंवा दोन्ही इलेक्ट्रोडवर काचेसारखा विद्युतरोधक थर असेल, तर त्याला डायइलेक्ट्रिक बॅरिअर डिस्चार्ज म्हणतात. व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोनसाठी वापरलेली नळी याच जातीची होती. येथे स्मृती काचेवर जमलेल्या प्रभारात असते, आणि नवशिक्याला समतुल्य परिपथाची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते ती याच ठिकाणी.

परिपथ असा: काचेचा कपॅसिटर, त्याच्या एकसरीत वायूच्या फटीचा कपॅसिटर, आणि फटीच्या कपॅसिटरला समांतर, एकमेकांना उलट जोडलेले दोन झेनर डायोड (उलट दिशेने ठरावीक व्होल्टेजला वाहू लागून ते व्होल्टेज तसेच धरून ठेवणारे डायोड). झेनरचे व्होल्टेज म्हणजे डिस्चार्ज चालू असताना फटीवर टिकणारे व्होल्टेज. सिम्युलेशन अडखळू नये म्हणून झेनरच्या एकसरीत शंभरेक ओहम ठेवावेत.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, काच २ मिलिमीटर जाडीची व तिची सापेक्ष परवैद्युतता ५, फट १ मिलिमीटरची. समांतर पट्ट्यांच्या सूत्राने काचेची धारिता सुमारे ४४३ पिकोफॅरड आणि फटीची १७७ पिकोफॅरड येते. दोन्ही एकसरीत मिळून १२६ पिकोफॅरड. फटीवरचे डिस्चार्ज व्होल्टेज ३ किलोव्होल्ट धरू. फटीवर एवढे व्होल्टेज यायचे तर बाहेरून ३ गुणिले (४४३ + १७७) भागिले ४४३, म्हणजे ४.२ किलोव्होल्ट द्यावे लागतात. याहून कमी टोकाचे (म्हणजे लहरीतले कमाल) व्होल्टेज दिले तर संपूर्ण उपकरण म्हणजे १२६ पिकोफॅरडचा एक कपॅसिटरच.

समजा टोकाचे व्होल्टेज ८ किलोव्होल्ट आणि वारंवारता १ किलोहर्ट्झ आहे. धन टोकाला पोहोचेपर्यंत काचेवर ५ किलोव्होल्ट आणि सुमारे २.२ मायक्रोकूलॉम प्रभार जमलेला असतो. व्होल्टेज उतरू लागताच डिस्चार्ज थांबतो, आणि फटीवरचे व्होल्टेज +३ वरून −३ किलोव्होल्टवर जाईपर्यंत थांबलेलाच राहतो. त्यासाठी बाहेरचे व्होल्टेज ४.२ च्या दुप्पट, म्हणजे ८.४ किलोव्होल्टने उतरावे लागते. ८ मधून ८.४ वजा केले की −०.४ किलोव्होल्ट: बाहेरचे व्होल्टेज शून्य ओलांडून जेमतेम ४०० व्होल्ट उलट झाले असतानाच डिस्चार्ज पुन्हा पेटतो. पहिल्यांदा पेटायला ४.२ किलोव्होल्ट लागले होते. मधला फरक भरून काढला तो काचेवर मागे राहिलेल्या प्रभाराने.

शक्तीचे सूत्र मॅन्ली यांनी १९४३ मध्ये दिले:

शक्ती = ४ × वारंवारता × काचेची धारिता × डिस्चार्ज व्होल्टेज × (टोकाचे व्होल्टेज − पेटण्यास लागणारे बाहेरचे व्होल्टेज)

आपल्या आकड्यांनी ४ × १००० × ४४३ पिकोफॅरड × ३००० × ३८०० हे सुमारे २० वॅट येते, म्हणजे दर आवर्तनाला २० मिलिज्यूल. सिम्युलेशनमध्ये झेनरच्या शाखेत खर्च होणाऱ्या ऊर्जेची सरासरी एवढीच आली पाहिजे. फरक काही टक्क्यांहून जास्त असेल तर परिपथात कुठेतरी चूक आहे.

प्रत्यक्ष उपकरणावर हेच तपासण्यासाठी जमिनीकडच्या बाजूला १०० नॅनोफॅरडचा मोजणीचा कपॅसिटर एकसरीत जोडतात. २.२ मायक्रोकूलॉमला त्याच्यावर २२ व्होल्ट येतात, जे ऑसिलोस्कोपला आरामात झेपतात. एका अक्षावर बाहेरचे व्होल्टेज आणि दुसऱ्यावर हा प्रभार मांडला की समांतरभुज चौकोन उमटतो. त्याच्या दोन बाजूंचा चढ एकूण धारिता देतो, दुसऱ्या दोन बाजूंचा चढ काचेची धारिता देतो, आणि आतले क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनाची ऊर्जा. डिस्चार्ज चालू असतानाचा चढ काचेच्या मोजलेल्या धारितेपेक्षा कमी दिसला, तर इलेक्ट्रोडचा काही भाग पेटलेलाच नाही असे समजावे, आणि तेवढ्या क्षेत्रासाठी झेनर नसलेली दुसरी समांतर शाखा मॉडेलमध्ये जोडावी. सुरक्षेचा मुद्दा: काच फुटली तर ८ किलोव्होल्ट थेट ऑसिलोस्कोपवर येतील, म्हणून मोजणीच्या कपॅसिटरला समांतर ९० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब लावलीच पाहिजे. ती ट्यूब स्वतःही याच लेखाच्या विषयात मोडते.

पायरी ६ : इतर प्रकार थोडक्यात

केबल किंवा ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनमधल्या पोकळीत होणाऱ्या आंशिक डिस्चार्जसाठी तीन कपॅसिटरचे मॉडेल रूढ आहे: पोकळीचा, तिच्या एकसरीतल्या इन्सुलेशनचा आणि उरलेल्या संपूर्ण इन्सुलेशनचा. पोकळीच्या कपॅसिटरला समांतर एक ठिणगी-स्विच जोडला की काम होते. त्यातून बाहेर मोजता येणारा प्रभार हा पोकळीत प्रत्यक्ष सरकलेल्या प्रभारापेक्षा बराच लहान असतो, एवढे लक्षात ठेवावे. ठिणगीसाठी रोध हा आतापर्यंत वाहून गेलेल्या एकूण प्रभाराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हा टोप्लर यांचा नियम सोयीचा आहे. त्यात अंतर वाढले की रोधही त्याच प्रमाणात वाढतो.

१३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्लाझ्मा कक्षात चित्र वेगळे असते. मधला प्लाझ्मा हा रोध आणि इंडक्टर यांच्या एकसरीसारखा वागतो. हा इंडक्टर चुंबकीय क्षेत्रामुळे नव्हे, तर इलेक्ट्रॉनच्या जडत्वामुळे येतो. दोन्ही इलेक्ट्रोडलगत इलेक्ट्रॉन विरळ असलेला शीथ नावाचा थर असतो आणि तो कपॅसिटरसारखा वागतो. ३०० चौरस सेंटिमीटरचे इलेक्ट्रोड, एकेक सेंटिमीटरचे शीथ, मध्ये ५ सेंटिमीटर प्लाझ्मा आणि घनमीटरला दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन घेतले, तर दोन शीथ मिळून सुमारे ८८० ओहमची कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स येते, आणि मधल्या प्लाझ्माचा इंडक्टर फक्त अर्धा ओहम भरतो. बाहेरून मॅचिंग करणाऱ्याला, म्हणजे पुरवठा आणि कक्ष यांचा मेळ बसवणाऱ्याला, दिसतो तो मुख्यतः शीथ. बारीक काम हवे असेल तर प्रत्येक शीथला समांतर एक डायोड इलेक्ट्रॉनसाठी आणि एक स्थिर धारा स्रोत आयनसाठी जोडावा. आयनांना शीथमध्ये मिळणारी ऊर्जाही शेवटी पुरवठ्यातूनच जाते, त्यामुळे नुसत्या प्लाझ्माचा रोध घेऊन शक्तीचा हिशेब केला तर तो कमी भरतो.

पायरी ७ : मोजमाप आणि पडताळणी

मॉडेलमधले आकडे मोजमापातून यायचे, म्हणून मोजण्याची साधनेही परिपथात काढावीत. उच्च व्होल्टेजच्या प्रोबला काही पिकोफॅरडची स्वतःची धारिता असते. १२६ पिकोफॅरडच्या उपकरणाला ती फारशी जाणवत नाही, पण आंशिक डिस्चार्जच्या छोट्या नमुन्याला ती उत्तर बदलण्याइतकी मोठी ठरू शकते. प्रत्यावर्ती मोजणीत डिस्चार्ज पेटलेला नसतानाही धारिता गुणिले व्होल्टेजच्या बदलाचा दर एवढी धारा वाहते. न पेटणाऱ्या कमी व्होल्टेजला ती आधी मोजून ठेवावी आणि मगच एकूण धारेतून वजा करावी. वातावरणाच्या दाबावरच्या काचेच्या उपकरणातले एकेक सूक्ष्म डिस्चार्ज काही दहा नॅनोसेकंदांत संपतात. ऑसिलोस्कोपची बँडविड्थ अपुरी असेल तर त्यांच्या धारेची टोके बुटकी दिसतात, मात्र मोजणीच्या कपॅसिटरवरचा एकूण प्रभार बरोबरच येतो. शक्तीसाठी धारेऐवजी प्रभार मोजणे अधिक भरवशाचे, ते याच कारणाने.

पडताळणी करताना आकडे ज्या मोजमापावरून काढले त्याच मोजमापाशी उत्तर जुळवून समाधान मानू नये. दोन व्होल्टेजवर आकडे काढून तिसऱ्या व्होल्टेजवर उत्तर तपासावे. तसेच वारंवारता बदलूनही पाहावे, कारण स्मृतीची चुकीची जागा निवडलेली असेल तर ती वारंवारता बदलल्यावर हमखास उघडी पडते. सिम्युलेशन वेळेची पायरी निम्मी करून पुन्हा चालवावे आणि उत्तर हलले तर पायरी अजून लहान करावी. स्रोताने दिलेली ऊर्जा, रोधांत व डिस्चार्जमध्ये खर्च झालेली ऊर्जा आणि कपॅसिटर-इंडक्टरमध्ये साठलेल्या ऊर्जेतला बदल यांचा ताळमेळ प्रत्येक आवर्तनाला जुळला पाहिजे. शेवटी मॉडेलच्या फाइलच्या पहिल्याच ओळींत वायू, दाब, अंतर, इलेक्ट्रोडचा धातू, धारेचा पल्ला आणि वारंवारतेचा पल्ला लिहून ठेवावा, म्हणजे ती फाइल दुसऱ्या कोणी उघडली तरी कोणत्या मर्यादेत ती चालवायची हे त्याला वेगळे विचारावे लागणार नाही.